‘बंद आहे’ म्हणण्यापूर्वी

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता. विषय : तेलशुद्धीकरण कारखान्यातील विद्युत देखभाल पथकाचे नेतृत्व)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांची नामावळी वाचली जाते. ती अवश्य वाचली जावी; तो शाळेचा सार्थ अभिमान आहे. परंतु प्रत्येक शाळेच्या पटावर अशीही नावे असतात, की ज्यांच्या कामाचे यश काहीही न घडण्यात असते. वीज गेली नाही, यंत्र थांबले नाही, कोणाला इजा झाली नाही, पाळी संपली आणि सगळे आपापल्या घरी पोहोचले, एवढेच त्यांचे यश. त्याची बातमी होत नाही आणि त्यासाठी शाल-श्रीफळही मिळत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका कामाचा आहे : तेलशुद्धीकरण कारखान्यात विद्युत देखभाल करणाऱ्या पथकाचे नेतृत्व.

वडोदऱ्याच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कोयलीची गुजरात रिफायनरी आणि ही शाळा या जवळजवळ समवयस्क आहेत. १९६० साली अंकलेश्वरच्या भूमीत खनिज तेल सापडले. ते शुद्ध करण्यासाठी सोव्हिएत सहकार्याने कोयली येथे कारखाना उभारण्याचे ठरले आणि १० मे १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. ऑक्टोबर १९६५ मध्ये उत्पादनाला प्रारंभ झाला आणि १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हा प्रकल्प राष्ट्राला अर्पण केला. पहिल्या घटकाची क्षमता वर्षाला १० लाख टन तेल शुद्ध करण्याची होती. आज संपूर्ण कारखान्याची क्षमता १ कोटी ३७ लाख टनांवर पोहोचली आहे. या साठ वर्षांत वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांतून डबा घेऊन कोणी ना कोणी कोयलीच्या दिशेने पाळीला जात आले आहे. घरच्यांना पाळीची वेळ ठाऊक असते; आत काम काय चालते, ते मात्र बहुधा ठाऊक नसते.

कच्चे तेल तापवायचे, त्याची वाफ उंच मनोऱ्यात चढवायची आणि निरनिराळ्या तापमानाला थंड होणारे निरनिराळे भाग वेगळे काढायचे, हे तेलशुद्धीकरणाचे मूळ तत्त्व. गॅस, पेट्रोल, केरोसिन, डिझेल आणि तळाशी उरणारा डांबरासारखा जड गाळ अशी ती उतरंड असते. हे सारे द्रव एका जागेहून दुसऱ्या जागी जातात ते पंपांनी, आणि बहुतेक पंप फिरतात ते विजेच्या मोटारींनी. मोठ्या मोटारी काही हजार व्होल्टवर चालतात, लहान ४१५ व्होल्टवर. एका मोठ्या कारखान्यात त्यांची संख्या हजारांत जाते. शिवाय नियंत्रण कक्षातील संगणक, हजारो दिवे, आग विझवण्याच्या पाण्याची काही यंत्रे, संकटसमयीचे भोंगे, हे सगळे विजेवरच उभे असते. रिफायनरीच्या देहात तेल हे रक्त मानले, तर वीज हे तिचे मज्जातंतू होत.

अशा ठिकाणी वीज जाणे म्हणजे काय, हे घरच्या अनुभवावरून कळत नाही. घरी वीज गेली तर पंखा थांबतो आणि आली की पुन्हा फिरतो. रिफायनरीत पुरवठा क्षणभर नुसता दबला, तरी मोटारींना जोडून धरणारे कॉन्टॅक्टर सुटतात आणि एकामागून एक पंप थांबू लागतात. भट्टीच्या नळ्यांतून वाहणारे तेल थांबले, तर ते आतल्या आत जळून त्याचा कोळसा होतो. थंड करणारे पाणी थांबले, तर मनोऱ्यातील दाब वाढतो. म्हणून महत्त्वाच्या पंपांना वाफेवर चालणारा जोडीदार ठेवलेला असतो, नियंत्रण कक्षाला बॅटरीचा आधार असतो आणि डिझेलचे जनित्र सदैव सज्ज असते. एवढे करूनही दाब वाढलाच, तर जादा वायू उंच चिमणीच्या टोकाशी नेऊन जाळावा लागतो. एखाद्या रात्री ती ज्योत एकाएकी मोठी झालेली शहरातून दिसते. त्या वेळी आत कोणत्या तरी पथकाची परीक्षा चाललेली असण्याची शक्यता असते.

विजेचा अभाव जसा घातक, तशीच तिची उपस्थितीही. हवेत पेट्रोलची वाफ ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल, तर एक ठिणगी पुरते. आणि विजेचे साधे बटण दाबतानाही ठिणगी पडते. हा प्रश्न प्रथम कोळशाच्या खाणींनी विचारला. १८१५ साली सर हंफ्रे डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी दिवा तयार केला. त्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. जाळीतून बाहेर येताना ज्वाळा थंड होई आणि बाहेरचा वायू पेटत नसे. पुढे खाणींत वीज आली आणि तिच्याबरोबर ठिणगीही आली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मरण पावले. तेथे इशाऱ्याच्या घंटेसाठी उघड्या तारा वापरल्या जात आणि त्या तारांतील क्षुद्र ठिणगी हे स्फोटाचे संभाव्य कारण मानले गेले. घंटेच्या ठिणगीएवढी ऊर्जाही पुरते, ही जाणीव अशा आपत्तींनी करून दिली.

आज रिफायनरीत ज्याला फ्लेमप्रूफ म्हणतात, त्या पेटीचे तत्त्व डेव्हीच्या जाळीशी नाते सांगते. अनेकांची समजूत असते, की फ्लेमप्रूफ म्हणजे आत वायू शिरूच न देणारी पेटी. तसे नाही. वायू आत शिरेल, आत स्फोटही होईल, हे गृहीत धरूनच ती बनवतात. तिची भिंत तो धक्का सोसते आणि झाकणाच्या दोन घासलेल्या पृष्ठभागांमधील अतिशय अरुंद फटीतून बाहेर येताना तप्त वायू इतका निवतो, की बाहेरचे वातावरण पेटत नाही. यावरून देखभालीची एक गोष्ट आपोआप निघते. त्या झाकणाला दहा बोल्ट असतील, तर दहाच्या दहा घट्ट असले पाहिजेत. नऊ घट्ट आणि एक ढिला असेल, तर ती पेटी नव्वद टक्के सुरक्षित नसते. तिच्या सुरक्षिततेचा कोणताही भरवसा उरत नाही. फटीच्या पृष्ठभागावर चांगल्या हेतूने लावलेला रंगाचा हातसुद्धा तिचे काम बिघडवतो. अशी उपकरणे धनबादच्या खाण संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत तपासली जातात, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पण प्रमाणपत्र मिळते ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या पेटीला. दहा वर्षांनंतर, जुलैच्या पावसात, शिडीवर उभे राहून उघडलेल्या त्याच पेटीचा दहावा बोल्ट परत लागला की नाही, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही. ते सांगतो तो तंत्रज्ञ, आणि त्याच्या शब्दाला उत्तरदायी असतो पथकप्रमुख.

आता या पथकाकडे वळू. त्यात अभियंते असतात, पदविकाधारक पर्यवेक्षक असतात, आयटीआयमधून आलेले वायरमन असतात, मोटारींची गुंडाळी करणारे कारागीर असतात आणि कंत्राटदाराकडून आलेले मदतनीस असतात. काही दिवसपाळीचे, काही फिरत्या पाळीचे. वडोदऱ्यासारख्या ठिकाणी एकाच पथकात गुजराती, मराठी, हिंदी, भोजपुरी, मल्याळम बोलणारी माणसे एकत्र येऊ शकतात. पथकप्रमुखाचा दिवस कालच्या पाळीच्या नोंदवहीने सुरू होतो. रात्री कोणती मोटार ट्रिप झाली, कोणत्या रोहित्राचे तापमान वाढले, कोणते काम अर्धवट राहिले. मग सकाळची बैठक. उत्पादन विभागाला पंप आजच हवा असतो, यांत्रिक विभागाला दोन दिवस हवे असतात, आणि दोघांनाही वीज मात्र आपल्या वेळेनुसार तोडून किंवा जोडून हवी असते. त्यानंतर कामांची वाटणी आणि कामाच्या जागी पाच-दहा मिनिटांचे सुरक्षेविषयीचे बोलणे. दिवसभरात मेगरने केबलचा विद्युतरोध मोजणे, बेअरिंगमध्ये वंगण भरणे, रोहित्राच्या श्वसनपात्रातील ओलावा शोषणारे खडे रंग बदलल्यास नवे भरणे, बॅटरीच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज लिहून ठेवणे. ही कामे एखाद्या कुशल गृहिणीच्या कामासारखी असतात. केली तर दिसत नाहीत, राहिली तर लगेच दिसतात.

या सर्व कामांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न उभा असतो. ज्या यंत्रात माणूस हात घालणार आहे, ते खरोखर निर्जीव झाले आहे काय? उच्चदाबाच्या पॅनेलमध्ये चूक झाली, तर उसळणाऱ्या विद्युतज्वाळेचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक होऊ शकते. तेथे दुसरी संधी नसते. म्हणून ‘बंद आहे’ हे दोन शब्द उच्चारण्यापूर्वी एक संपूर्ण क्रम पार पाडावा लागतो. प्रथम वर्क परमिट, म्हणजे कोणते यंत्र, कोणते काम, कोण करणार, किती वाजेपर्यंत, याचा लेखी परवाना. मग ब्रेकर उघडायचा आणि तो रॅक आऊट करायचा, म्हणजे त्याच्या जागेवरून मागे ओढून वेगळा करायचा. त्यावर कुलूप लावायचे आणि किल्ली काम करणाऱ्यापाशी ठेवायची. पाटी लटकवायची : माणसे काम करीत आहेत. मग तपासणी. त्यानंतर तारा जमिनीशी जोडायच्या, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाईल. आणि अखेरीस पंपापाशी जाऊन त्याचे चालू करण्याचे बटण दाबून पाहायचे. पंप हलला नाही, याची डोळ्यांनी खात्री झाल्यावरच काम सुरू करायचे.

यातली तपासणीची पायरी शाळेतल्या माणसांना विशेष आवडावी अशी आहे. टेस्टर लावला आणि दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाही, असे आपण घरी म्हणतो. तेथे तसे म्हणता येत नाही, कारण टेस्टरच बिघडलेला असू शकतो. म्हणून तो आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या जागी लावून पाहतात. तो वीज दाखवतो. मग कामाच्या जागी लावतात. तो वीज दाखवत नाही. मग पुन्हा पहिल्या जिवंत जागी लावतात. तो पुन्हा दाखवतो. तेव्हाच मधल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा. आपल्या अंकगणितात याला एक सुंदर जुना शब्द आहे, ताळा. गुणाकार केला की भागाकाराने ताळा पाहायचा. उत्तर बरोबर आले तरी ताळा न पाहणाऱ्या मुलाला जुने मास्तर पाटी परत द्यायचे. त्या शिस्तीचे मोल मुलाला त्या वयात कळत नाही. पुढे एखाद्या सबस्टेशनमध्ये हातमोजे घालून उभे राहिल्यावर ते कळते.

काम संपल्यावर उलटा क्रम सुरू होतो, आणि तोही तितकाच कसोटीचा असतो. जमिनीशी जोडलेल्या तारा जितक्या लावल्या तितक्या काढल्या पाहिजेत. एक जरी राहिली आणि ब्रेकर चालू केला, तर सारी वीज त्या तारेतून जमिनीत धावते आणि पॅनेल फुटू शकते. म्हणून त्यांची मोजदाद वहीत ठेवतात. चार लावल्या, चार काढल्या. आणि ज्याने कुलूप लावले, त्यानेच ते काढायचे. तो जेवायला गेला असेल, तर थांबायचे.

येथे भाषेचा एक प्रश्न येतो, आणि मराठी शाळेच्या व्यासपीठावरून तो सांगितलाच पाहिजे. इंग्रजीत झडप ‘क्लोज’ केली म्हणजे प्रवाह थांबला. पण ब्रेकर ‘क्लोज’ केला म्हणजे प्रवाह सुरू झाला, कारण तेथे परिपथ जुळतो. मराठीत आणि हिंदीत आपण ‘क्लोज’चे भाषांतर सहजच ‘बंद’ असे करतो. आता कल्पना करावी. यांत्रिक विभागाचा माणूस विचारतो, ब्रेकरचे काय? नियंत्रण कक्षातून उत्तर येते, क्लोज आहे. ऐकणारा मनात भाषांतर करतो, बंद आहे. बोलणाऱ्याने सांगितले, की वीज चालू आहे. ऐकणाऱ्याने ऐकले, की वीज नाही. दोघेही प्रामाणिक, दोघांनाही आपापली भाषा येते, आणि मधल्या एका शब्दात माणसाचा जीव अडकलेला. म्हणून जाणता पथकप्रमुख पहिल्याच दिवशी पथकाचे शब्द ठरवून देतो. चालू म्हणजे काय, बंद म्हणजे काय. ‘क्लोज’ हा शब्द ब्रेकरसंबंधी नुसता वापरायचा नाही. सांगितलेले वाक्य ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचे. आणि यंत्राचा क्रमांक अंकन् अंक सुटा उच्चारायचा. आपल्या विज्ञानाच्या तासाला शिक्षक ‘परिपथ पूर्ण झाला’ असे म्हणतात. तो शब्द किती नेमका आहे! त्यात उलट अर्थाला जागाच नाही.

वडोदऱ्याला या विचाराची परंपरा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले आणि तेथे तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध झाला आणि राज्यकारभारातील शब्दांना अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द एकत्र मिळाले. एका राजाने शब्दकोशासाठी एवढे श्रम का करवून घ्यावेत, असा प्रश्न कोणाला पडेल. आज्ञा देणारा आणि ती पाळणारा यांना एकच अर्थ कळला पाहिजे, हे त्याचे उत्तर. ते राज्याला लागू आहे आणि सबस्टेशनलाही.

कागद आणि शब्द चुकले तर काय होते, याचे उदाहरण ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात घडले. पायपर अल्फा हे समुद्रातून तेल आणि वायू काढणारे व्यासपीठ होते. ते शुद्धीकरण कारखाना नसले, तरी परमिटची पद्धत तीच. तेथे दोन पंप होते. दिवसपाळीत पहिल्या पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली गेली आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवले गेले. संध्याकाळपर्यंत काम संपले नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला आणि तो काही केल्या सुरू होईना. रात्रपाळीने पहिल्या पंपाचे कागद पाहिले. त्या पंपासंबंधी दोन परमिटे होती. एक त्यांच्या माहितीत होते आणि त्यावरून पंप सुरू करण्यास हरकत दिसत नव्हती. झडप काढल्याचे सांगणारे दुसरे परमिट त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. पंप सुरू करायचा तर त्याचा तोडलेला वीजपुरवठा पुन्हा जोडणे भाग होते. पंप सुरू झाला, झाकणाच्या जागेतून वायू सुटला आणि रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला, असा निष्कर्ष लॉर्ड कलन यांच्या चौकशीने काढला. १६७ माणसे मृत्युमुखी पडली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात १०६ शिफारशी आहेत. जगभरच्या तेल उद्योगात परमिट आणि पाळीबदल यांची शिस्त त्यानंतर अधिक कडक झाली.

या घटनेत कोणी दुष्ट नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दिवसपाळीने आपले काम केले, रात्रपाळीनेही केले. राहिले ते दोघांमधले सांगणे. म्हणून पाळी बदलताना पथकप्रमुख नुसत्या सहीवर समाधान मानत नाही. जाणारा आणि येणारा यांनी समोरासमोर उभे राहून, शक्य तर त्या यंत्रापाशी जाऊन, अर्धवट कामे बोलून दाखवावीत असा त्याचा आग्रह असतो. घरी जाण्याची घाई असलेल्या माणसाला ती दहा मिनिटे जड जातात. तीच दहा मिनिटे मागून घेणे हे नेतृत्व.

वडोदऱ्यानेही धूर पाहिला आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीत बेन्झिनच्या साठवण टाकीला आग लागली आणि त्यात दोन कामगारांना प्राण गमवावे लागले. त्या घटनेच्या कारणांची चर्चा करण्याचे हे स्थान नाही, आणि तिचा उल्लेख विजेच्या कामाशी जोडण्यासाठीही नाही. मात्र त्या कुंपणाच्या आत रोज जाणाऱ्या माणसांच्या घरी संध्याकाळी वाट पाहिली जाते, हे विसरून या विषयावर बोलता येणार नाही.

पथकप्रमुखाची सर्वांत अवघड घडी कोणती? बाहेरच्याला वाटेल, की मोठा बिघाड. वास्तविक बिघाडाच्या वेळी सगळे मदतीला धावतात. अवघड असते ती साधी दुपार. पंप तासाभरात हवा आहे, वरून दोनदा फोन आला आहे, परमिटवर एक सही बाकी आहे आणि अनुभवी वायरमन म्हणतो आहे, साहेब, रोजचेच काम आहे, मी पाहिले आहे, बंदच आहे. त्या क्षणी ‘थांबा, पुन्हा तपासा’ एवढे म्हणण्यासाठी जे धैर्य लागते, ते ज्याच्यापाशी आहे तोच त्या खुर्चीला पात्र. उशीर झाला तर त्याला बोलणी बसतात. त्या तपासणीमुळे कोणाचा जीव वाचला असेल, तर ते कोणालाही, खुद्द त्यालाही, कधी कळत नाही. कारण जे घडले नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत करणार?

आणि ‘थांबा’ म्हणण्याचा हा अधिकार त्याने आपल्यापुरता ठेवून चालत नाही. कंत्राटदाराकडून कालच आलेला मदतनीस मुलगाही काम थांबवू शकला पाहिजे. कागदोपत्री तो अधिकार त्याला असतोच. पण त्याने एकदा तो वापरला, शंका चुकीची निघाली आणि सगळे हसले, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. त्यामुळे त्या प्रसंगी प्रमुख कसा वागतो, याकडे सगळ्या पथकाचे लक्ष असते. शंका चुकीची निघाली तरी ‘विचारलेस हे चांगले केलेस’ असे जो चारचौघांत म्हणतो, त्याच्या पथकात पुढची खरी शंका वेळेवर बाहेर येते. तसेच, थोडक्यात टळलेला अपघात जो माणूस होऊन सांगतो, त्याला शिक्षा झाली, तर पुढचे दहा प्रसंग दडवले जातात. निष्काळजीपणा आणि प्रामाणिक चूक यांतला भेद ओळखणे ही प्रमुखाची विद्या. वर्गात फळ्यासमोर उभे राहणाऱ्यांना ही विद्या अपरिचित नाही. ज्या वर्गात चुकीच्या उत्तराला हशा मिळतो, त्या वर्गातले हात हळूहळू वर येईनासे होतात.

दर काही वर्षांनी येणारे शटडाऊन हा या नेतृत्वाचा मोठा यज्ञ. एखादा घटक संपूर्ण थांबवून, रिकामा करून, काही आठवड्यांत त्याची आतून-बाहेरून दुरुस्ती करतात. शेकडो मोटारी उतरवायच्या, तपासायच्या, परत बसवायच्या. ब्रेकर आणि रिले तपासायचे. बाहेरगावाहून आलेली शेकडो माणसे कामाला जुंपायची. त्यांतल्या अनेकांना तो कारखाना नवा असतो. तयारी कित्येक महिने आधीच सुरू होते. परत बसवलेली मोटार पंपाला जोडण्यापूर्वी ती एकटीच फिरवून तिची दिशा पाहतात, कारण तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर ती उलटी फिरते. एवढी साधी तपासणी. पण ती राहिली, तर महिन्याभराचे काम पहिल्याच मिनिटाला वाया जाऊ शकते. मोठ्या कामांची भिस्त अशाच लहान तपासण्यांवर असते.

पालकहो, या साऱ्याचा मराठी शाळेशी संबंध काय? तो सरळ आहे. आपल्या भाषेतून शिकलेले मूल पुढे इंग्रजी मॅन्युअलपुढे अडखळेल, ही चिंता अनेक घरांत बोलली जाते. ती अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. पहिली काही वर्षे अडखळणे होतेच, आणि त्यासाठी शाळेने इंग्रजी उत्तम शिकवले पाहिजे. परंतु विद्युतधारा, विभवांतर, रोध आणि परिपथ या कल्पना ज्याच्या मनात लख्ख उभ्या आहेत, त्याला त्यांची इंग्रजी नावे शिकायला फार दिवस लागत नाहीत. उलट, नावे पाठ आणि कल्पना धूसर असलेला माणूस ‘क्लोज’ म्हणजे काय, या प्रश्नाशी केव्हा घसरेल ते सांगता येत नाही. दोन भाषांतून वावरणाऱ्या माणसाला एक लाभही मिळतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ होऊ शकतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्यामुळे तो विचारतो, नक्की काय म्हणायचे आहे? त्या कुंपणाच्या आत हा प्रश्न फार मोलाचा आहे.

शाळा आणखीही काही देते. वाचता येईल असे अक्षर, कारण नोंदवही रात्री दुसऱ्याला वाचायची असते. तारीख आणि वेळ घालण्याची सवय. न कळलेले न कळले म्हणण्याची मोकळीक. रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचे शिक्षण. आणि ताळा. गुणपत्रिकेवर यांतल्या कशालाही स्वतंत्र रकाना नाही. तरी मुलाच्या वहीत उत्तर बरोबर आल्यावर पालकांनी एवढे जरूर विचारावे, की ताळा पाहिलास का? मूल कंटाळेल, कुरकुरेल. त्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज कोयलीत किंवा देशाच्या अन्य भागांतील अशाच कारखान्यांत, वीजघरांत, रेल्वेच्या कर्षण उपकेंद्रांत, रुग्णालयांच्या जनित्रकक्षांत काम करीत आहेत, त्यांना या हीरक महोत्सवी वर्षात शाळेची एक विनंती आहे. त्यांनी वर्षातून एखादा तास आपल्या शाळेला द्यावा. नववी-दहावीच्या वर्गासमोर टेस्टर हातात घेऊन उभे राहावे आणि तीन वेळा का तपासायचे, ते दाखवावे. एखादे कुलूप आणि एखादी पाटी आणावी. यशाची गोष्ट सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या पथकातली सगळी माणसे काल घरी गेली, हे सांगितले तरी पुरे. मुलांना त्याचा अर्थ समजेल, आणि जी समजणार नाहीत ती विचारतील.

साठ वर्षे या वास्तूत घंटा वाजत आली. ती वेळेवर वाजवणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या, फळे पुसणाऱ्या, पंख्यांची आणि दिव्यांची काळजी घेणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात सेवकांचेही आजच्या प्रसंगी कृतज्ञतेने स्मरण करणे उचित ठरेल. शाळेच्या पुढील वाटचालीस सर्वांच्या वतीने शुभेच्छा.